वळणावरची टाच

वाट आपोआप मोडत नाही. कुणीतरी ती मोडतं. आणि ज्यांनी मोडली त्यांना विचारायला जावं, तर त्यांतला प्रत्येक जण दुसऱ्याच्या पायांकडे बोट दाखवतो. आपल्या तळव्याला लागलेली माती कुणी दाखवत नाही.

ही गोष्ट अशाच एका मोडलेल्या वाटेची आहे. लहानांनी ती ऐकावी. मोठ्यांनी तर ऐकावीच, कारण गोष्ट अर्धी होईपर्यंत त्यांना वाटत राहील की चूक लहानांचीच होती.

फार जुन्या काळी समुद्राच्या काठाला एक गाव होतं आणि गावाच्या पाठीशी एक डोंगर होता. डोंगर फार उंच नव्हता. चढताना छातीचा भाता व्हायचा, पण म्हातारं माणूसही बसत-उठत माथ्यावर पोचायचं. माथ्यावर गेलं की एका बाजूला समुद्र थेट आभाळापर्यंत पसरलेला दिसे, दुसऱ्या बाजूला खाडी माडांच्या बागांमधून आत शिरलेली दिसे, आणि मध्ये वाळूचा पांढरा पट्टा. गावात पाहुणा आला की त्याला आधी जेवू घालत आणि मग डोंगरावर नेत. नवी सून आली की तिलाही नेत. "बघ, आता हे तुझं," असं सासू म्हणे, आणि दमलेली सून खरंच हसे.

पण माथा नुसता बघण्यासाठी नव्हता. खाडीच्या तोंडाशी पाण्याखाली खडक होते. ओहोटीला ते उघडे पडत, पूर्ण भरतीला होड्या त्यांच्यावरून निघून जात. पाणी मधलं असलं की खडक जेमतेम झाकलेले असत, आणि तीच वेळ वाईट. खडकांमधली वाळू दर पावसाळ्यात जागा बदलायची, त्यामुळे आतली वाट पाठ करून उपयोग नव्हता. होडीतून काही दिसत नसे. माथ्यावरून मात्र सगळं दिसे, पाण्यातले काळे डाग आणि त्यांच्यामधली हिरवी पट्टीसुद्धा. म्हणून होड्या परतायच्या वेळी कुणीतरी माथ्यावर उभं राहून पांढरा बावटा दाखवायचा, अशी गावाची पद्धत होती. बावटा उत्तरेला झुकला की होडीनं उत्तरेला सरायचं, दक्षिणेला झुकला की दक्षिणेला.

बावटा दाखवणारा आजा आता थकला होता. त्याचे गुडघे कुरकुरत होते. म्हणून गावानं ते काम एका तरण्या मुलीकडे दिलं. तिचा बाप गावातल्या सगळ्यांत मोठ्या होडीचा तांडेल, म्हणजे होडीवरचा मुख्य खलाशी होता. मुलीचे पाय चपळ होते, नजर लांबची होती, आणि तोंडात कायम एक प्रश्न तयार असे.

आजा तिला या कामासाठी पहिल्यांदा डोंगरावर घेऊन निघाला, तेव्हा त्यांच्या पुढे सुक्या मासळीची टोपली डोक्यावर घेतलेली मावशी चालली होती. डोंगरापलीकडच्या वाडीत ती बोंबील विकायची. डोंगराची वाट अशी होती, की थोडं उजवीकडे जायचं, वळायचं, थोडं डावीकडे जायचं, पुन्हा वळायचं. आणि प्रत्येक वळणावर गावकरी टाच देत. टाच देणं म्हणजे वळणाच्या बाहेरच्या कडेला मातीत टाच घासायची, हात जोडायचे आणि पुढे जायचं. आजा टाच रगडून देई. मावशी टाच देताना डोळे मिटून पुटपुटत असे. बाकीचे लोक आताशा नुसता पाय उचलल्यासारखं करत आणि सटकत.

"आजा, ही वाट इतकी वाकडी का?" मुलीनं विचारलं.

"डोंगर म्हणजे आई आहे. आईच्या अंगावर सरळ चढत नाहीत."

"शेळ्या चढतात की."

"तू शेळी आहेस काय गो?"

"आणि ही टाच कशासाठी?"

"आई झोपलेली असते. टाच दिली की तिला कळतं, आपलं माणूस आलं."

"झोपलेल्या आईला लाथ मारून उठवायचं? घरी मी असं केलं, तर माझी आई मला संध्याकाळी वाढेल का?"

पुढे मावशीच्या तोंडून हसू निसटलं आणि टोपली डुगडुगली. आजाचा चेहरा लाल झाला.

"असलं विचारू नये," तो म्हणाला. "आमच्या वडिलांनी विचारलं नाही, आम्ही विचारलं नाही. तुलाच तेवढी अक्कल फुटली का?"

मुलगी गप्प बसली. पण गप्प बसणं म्हणजे पटणं नव्हे. सबंध वाटभर ती वळणं बघत होती आणि मनात म्हणत होती, 'याला माहीत नाही. माहीत नाही म्हणूनच हा रागावतो.' तिचं म्हणणं खरं होतं. पण आजाला कारण माहीत नाही म्हणजे कारणच नाही, असंही तिनं त्याच दमात ठरवून टाकलं. तेवढं मात्र खरं नव्हतं.

पावसाळा सरत आला. होड्या पुन्हा समुद्रावर जाऊ लागल्या. एक दिवस वारा फिरला आणि होड्या वेळेआधीच परत फिरल्या. किनाऱ्यावरच्या बायकांनी शिडं पाहिली आणि आरडाओरडा केला. मुलगी हातातलं काम टाकून डोंगराकडे धावली. उजवीकडे, डावीकडे, पुन्हा उजवीकडे. प्रत्येक वळणावर तिला वाटे, आपण धावतोय खरं, पण वर कुठे जातोय? आपण नुसते डोंगराला घिरट्या घालतोय. ती माथ्यावर पोचली तेव्हा पहिली होडी खडकांच्या रोखानं बरीच जवळ आली होती. तिनं माथ्यावरच्या कपारीत ठेवलेला बावटा ओढून काढला आणि झुकवला. होडी सरली, वाचली.

त्याच दिवशी तिनं ठरवलं. ही वाट माणसं मारणार. कुणाच्या तरी जुन्या कहाणीसाठी माझ्या बापानं खडकावर का आपटावं?

दुसऱ्या दिवशी तिनं कोयता आणि कुदळ घेतली आणि डोंगराच्या पायथ्यापासून सरळ वर वाट काढायला सुरुवात केली. करवंदीच्या जाळ्या तोडल्या, गवत कापलं, माती खणून पायऱ्या पाडल्या. जुन्या वाटेचं एकेक वळण तिच्या नव्या वाटेनं मधोमध छेदत गेलं. माथ्याच्या खाली कातळाचा उभा तुकडा होता, तिथं कुदळ चालेना. म्हणून तेवढी शेवटची वळणं तिनं जुनीच राहू दिली.

आधी गाव कुजबुजलं. मग गावानं एकदा चढून पाहिलं. मग गावानं जुन्या वाटेकडे बघणंच सोडलं. माथा आता इतका जवळ आला होता, की माणसं उगाचच जाऊन येऊ लागली. पाहुणे सरळ वाटेनं, सुना सरळ वाटेनं, गुरं सरळ वाटेनं. गावचा मुखिया चार माणसांत म्हणाला, "पोरीनं डोंगर अर्धा केला!" कातळापाशी सोडलं तर टाच द्यायला आता वळणच नव्हतं, आणि तिथंही कुणी टाच देईना. आजा तेवढा जुन्या वाटेनं जायचा आणि सगळ्यांना शिव्या घालायचा. पण एका संध्याकाळी वरून कुणी बघत नाही अशा समजुतीनं तो सरळ वाटेवरून बसून घसरत खाली आला, आणि मावशीनं ते पाहिलं.

"काय आजा, आईच्या अंगावरून घसरगुंडी?"

"गुडघे दुखतात गो," आजा धोतर झटकत म्हणाला. "कुणाला सांगू नकोस."

मावशीनं अर्थातच सगळ्यांना सांगितलं.

मुलीला ते कळलं तेव्हा ती फार खूश झाली. आता सगळं गाव आपल्या बाजूचं आहे असं तिला वाटलं. रोज इतक्या पायांनी सरळ वाटेवरचं उरलंसुरलं गवत गेलं, माती उघडी पडली, भुसभुशीत झाली. तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. वाट चालती आहे एवढंच सगळे बघत होते.

मग परतीचा पाऊस आला.

सकाळी होड्या गेल्या तेव्हा आभाळ निरभ्र होतं. दुपारी समुद्रावरून काळी भिंत सरकत यावी तसे ढग आले आणि डोंगरावर कोसळले. मुलीला ठाऊक होतं, अशा वादळात होड्या बाहेर थांबणार नाहीत. त्या आत यायला बघणार, आणि पाणी नेमकं मधलं असणार. पाऊस डोक्यावर घेऊनच ती निघाली.

पायथ्याशी ती थबकली. तिची वाट तिथं नव्हती. वाटेच्या जागी तांबड्या पाण्याचा ओढा धो धो खाली येत होता. तिनं खणलेल्या पायऱ्या, दगड, गवताचे गड्डे सगळं त्यातून वाहत होतं. तिनं त्यात पाय घातला आणि पाण्यानं तिला मागे फेकलं.

ती जुन्या वाटेकडे वळली. जुनी वाट पहिल्या वळणापर्यंत नीट होती. पण पुढे जिथं जिथं तिच्या सरळ वाटेनं तिला छेदलं होतं, तिथं तिथं जुनी वाटही तुटून खाली गेली होती. एक घळ ओलांडावी तर वर दुसरी. तिनं करवंदीच्या मुळांना धरलं, कातळाच्या खाचांत बोटं रुतवली, पोटावर सरपटली. काट्यांनी दंड फाटले. आणि सगळा वेळ तिच्या डोक्यात एकच होतं. बाबा बावटा शोधत असेल. बाबा वर बघत असेल आणि माथ्यावर कुणीच नसेल.

कशीबशी ती कातळापाशी राहिलेल्या जुन्या वळणांपर्यंत आली. आणि तिथं तिला नवल वाटलं. इथं वाट शाबूत होती. पाणी होतं, पण ते वाटेच्या आतल्या अंगानं शहाण्यासारखं चाललं होतं. वळणाशी मात्र ते तुंबलं होतं, घोट्यापर्यंत चढलं होतं आणि वाटेवरून खाली उडी घ्यायच्या बेतात होतं. मुलगी त्यात शिरली. तिचा पाय घसरला. तोल सावरताना तिची टाच वळणाच्या बाहेरच्या कडेला जोरात घासली गेली, त्याच जागी, जिथं आजा टाच रगडायचा.

कुजक्या पानांचा एक बोळा निघाला. खाली दगडांनी बांधलेला एक अरुंद चर होता. तुंबलेलं पाणी खळकन त्या चरात शिरलं आणि वाट सोडून बाजूच्या गवतात पसरून गेलं. वळण कोरडं झालं.

मुलगी बघतच राहिली. म्हणजे टाच आईला उठवण्यासाठी नव्हती. टाच पानं काढण्यासाठी होती. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकानं एकदा टाच घासली की चर मोकळा राहायचा. वाट वाकडी होती ती पाण्याला पळू न देण्यासाठी. ज्यांनी ही वाट बांधली त्यांनी सगळा विचार केला होता. फक्त विचार मागे राहिला होता आणि टाच तेवढी पुढे आली होती.

पण हे कळायला तिला फार चुकीची वेळ मिळाली होती. पुढच्या वळणावर तिनं धावता धावताच टाच घासली आणि ती माथ्यावर पोचली.

पावसाची सर जरा ओसरली होती. खाली खाडीच्या तोंडाबाहेर होड्या लाटांवर वरखाली होत थांबल्या होत्या. त्यांच्यातली सगळ्यांत मोठी होडी पुढे निघाली होती. ती तिच्या बापाची होती. तांडेलानं माथ्याकडे पाहून पाहून वाट बघितली होती, बावटा दिसला नव्हता, आणि मागच्या लहान होड्यांत पाणी भरायला लागलं होतं. कुणीतरी आधी शिरायला हवं होतं. आपली होडी मोठी आहे, ती लागली तर खडक कुठे आहे ते मागच्यांना तरी दिसेल, असा त्यानं विचार केला.

मुलीनं बावटा उचलला आणि अंगातलं सगळं बळ लावून उत्तरेला झुकवला. बापानं तो पाहिला. होडीनं वळायला सुरुवातही केली. पण होडी वळायला वेळ लागतो. वरून मुलीला तो काळा डाग दिसत होता, त्याच्याकडे सरकणारं शिड दिसत होतं, आणि बावटा झुकवण्यापलीकडे तिला काहीही करता येत नव्हतं. होडी थांबली, कलली, आणि मधोमध फुटली.

बाकीच्या होड्या बावटा बघत आत आल्या. त्यांनी पाण्यातली माणसं ओढून घेतली. सगळी जिवंत होती. तांडेलाचा पाय मात्र फळ्यांमध्ये चिरडला होता. तो पुन्हा कधी होडीवर उभा राहू शकला नाही.

पाऊस थांबल्यावर गाव देवळापुढे जमलं. मुखिया म्हणाला, "पोरीच्या हातात बावटा ठेवायचा नाही. तिनं आपली वाट मोडली."

"हिनंच मोडली," लोक म्हणाले. "आम्हाला आधीच वाटलं होतं." जे महिनाभर सरळ वाटेवरून दिवसातून दोनदा खालीवर करत होते, तेही म्हणाले.

मुलगी मान खाली घालून उभी होती. "मोडली," ती म्हणाली. "माझ्या बाबाचा पाय माझ्यामुळे गेला. बावटा घ्या. पण आधी वर चला आणि शेवटच्या वळणावर काय आहे ते बघा." मग तिनं चराबद्दल सांगितलं, पानांच्या बोळ्याबद्दल आणि टाचेबद्दल सांगितलं.

सगळे आजाकडे बघायला लागले. आजा काठीवर भार देऊन उठला.

"तिनं मला विचारलं होतं," तो म्हणाला. "वाट वाकडी का, टाच कशासाठी. मला ठाऊक नव्हतं. ठाऊक नाही म्हणायची लाज वाटली, म्हणून मी आईची कहाणी सांगितली आणि वर रागावलो. मी 'ठाऊक नाही' म्हटलं असतं, तर तिनं शोधून काढलं असतं. ती शोधणारी पोर आहे. कुदळ तिनं चालवली, पण तिच्या हातात ती मी दिली. आणि तुम्ही काय तोंड वर करून बोलता? मीही त्या वाटेवरून घसरलोय. मावशीला विचारा."

कुणी हसलं नाही. तांडेलाला खाटेसकट तिथं आणलं होतं, पडल्या पडल्या तो ऐकत होता. तो म्हणाला, "बावटा तिच्याकडेच राहू द्या. खडक कुठे असतो हे आता तिच्याइतकं कुणाला कळणार नाही."

बावटा मुलीकडेच राहिला. गावानं कुदळी उचलल्या. तुटलेली वळणं दगड रचून पुन्हा बांधली, सरळ वाटेच्या घळीत काटे आणि माती भरून तिथं झाडं लावली. आजानं दगड निवडून दिले, मुलीनं ते वाहिले. कामाला बरेच दिवस लागले, आणि तेवढे दिवस होड्या किनाऱ्यावर उलट्या पडून राहिल्या. कुणाच्याच घरी ताजी मासळी शिजली नाही. मोडलेल्या वाटेची किंमत अशी सगळ्यांनी मिळून भरली.

त्या दिवसापासून गावात एक नवी रीत सुरू झाली. डोंगरावर पहिल्यांदा चढणाऱ्याला, मग ते पोर असो, पाहुणा असो की नवी सून, पहिल्या वळणावर थांबवायचं. त्याच्या हातात पाण्यानं भरलेली कळशी द्यायची आणि ती वाटेवर ओतायला सांगायची. पाणी आतल्या अंगानं येतं, वळणाशी तुंबतं. मग त्याला टाच घासायला लावायची. पाणी चरातून निघून जातं. ते त्यानं आपल्या डोळ्यांनी पाहायचं. त्यानंतर त्याला हवे तेवढे प्रश्न विचारायची मुभा होती. उत्तर येत नसेल तर सोबतच्यानं 'ठाऊक नाही' म्हणायचं, आणि दोघांनी मिळून शोधायचं.

वाट बांधून झाली त्या सकाळी सगळं गाव पहिल्या वळणावर जमलं. पहिली कळशी मुलीनं ओतली. पाणी आलं, तुंबलं. आजानं पुढे होऊन टाच घासली. पाणी खळखळत गवतात गेलं. मग आजा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ज्या रीतीचं कारण आपण पुढच्याच्या हातात देत नाही, ती रीत पुढच्याच्या पायाखाली मोडते."

लोकांनी माना डोलावल्या. मागे टोपली घेऊन उभी असलेली मावशी वाकून चराकडे बघत होती. ती सरळ झाली आणि कपाळावर हात मारून म्हणाली,

"एवढंच होतं होय? आणि मी मेली जन्मभर दर वळणावर आईची माफी मागत होते, की बाई गो, लाथ लागली, रागावू नकोस!"